घडीवरची सही

सैनिक कल्याण कार्यालयाचा फॉर्म.
रकाना अकरावा: सेवेतील सर्वांत अभिमानाची कामगिरी.
दोन ओळी, त्याही आखूड.
शेजारच्या कर्नलसाहेबांनी वेगळा कागद जोडलाय,
वर फोटो.

सार्जंट विश्राम फाळके, हवाई दल, निवृत्त,
पेनचं टोपण काढतात, परत लावतात.
"तूच लिही काहीतरी," म्हणतात, "बँकेत असतेस."

काय लिहू?
ग्वाल्हेरात छत्री म्हटलं की समाधी आठवते,
छत्री बाजारातली, दगडी, कबुतरांची.
बाबांची छत्री उलट्या कामाची:
माणूस समाधीपर्यंत पोचू नये म्हणून
महाराजपुऱ्याच्या शेडमध्ये
लांबच लांब टेबलावर
ते तिच्या घड्या घालत.

बाहेर लू. आत पंखे बंद,
वाऱ्याने कापड हलेल म्हणून.
एकेक दोरी बोटांतून जायची,
अठ्ठावीस दोऱ्या, अठ्ठावीसदा तोच प्रश्न.
कात्री, आकडा, शिशाच्या पिशव्या
आधी मोजायच्या, शेवटी मोजायच्या,
एखादी कमी भरली
तर दिवसभराचं सगळं उलगडायचं.
मग कार्डावर तारीख, आणि सही.
ती सही पाठीशी घेऊन कुणीतरी आभाळात जायचं,
ज्याचं तोंडही बाबांनी बहुधा पाहिलेलं नसायचं.

घरी आम्हाला याचा जाच.
आठ चमचे भरल्याशिवाय ओटा आवरला असं होत नसे.
आई म्हणे, "संसाराची घडी बसवलीत खरी,
पण मला जरा चुरगळून राहू द्या."

एकदा एक जण आला.
पायाला प्लास्टर, कुबड्या,
गळ्यातल्या पिशवीत रमची बाटली.
दारातूनच विचारलं, "मेरी किसने बाँधी थी?"
बाबांना वाटलं, तक्रार.
कार्ड काढलं, सही दाखवली,
अटेन्शनमध्ये उभे राहिले.
तो काहीच बोलला नाही.
स्टूल दिलं, बसला नाही.
पुढची घडी पुरी होईपर्यंत, पाऊण तास,
एका पायावर नुसता बघत होता.
बाबा पीत नाहीत.
बाटली अजून कपाटात आहे, सील न तोडलेली.

आणि एकदा कुणीच आलं नाही.
फक्त कार्ड मागवलं गेलं.
चार रात्री जेवणाच्या टेबलावर
बाबा बोटांनी हवेत दोऱ्या मोजत होते.
पाचव्या दिवशी चौकशीचा निकाल आला:
उंची पुरली नाही, छत्रीत दोष नाही.
आई देवापुढे साखर ठेवायला उठली
तर तिच्यावर ओरडले. पहिल्यांदाच.
तो मुलगा चोवीस वर्षांचा होता.

हे कुठल्या रकान्यात बसतं?

शेवटी पेन स्वतःच घेतात.
कार्डावरच्या त्याच बारीक अक्षरात:
'घड्या सुमारे सहा हजार. उघडल्या पाच.
बाकीच्या उघडाव्या लागल्या नाहीत.'
जागा संपली. खाली तारीख. सही.

दोन दिवसांनी कार्यालयातल्या बाबूचा फोन,
"फाळके साहब, कॉलम अधूरा है. कोई मेडल-वेडल?"
"पूरा है," म्हणाले, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी गच्चीवरच्या चादरी काढायला आम्ही दोघं.
किल्ल्याकडून वारा आला,
चादर क्षणभर तट्ट फुगली.
बाबांनी ओढली नाही.
दोन टोकं धरून वर बघत राहिले.
मग, "हं. ताण धर."
कडेला कड, मध्यावर मध्य.
"चिमटे मोज."
अकरा.
आणताना बारा होते.

अंधार पडला तरी
आम्ही कुंड्यांमागे बारावा शोधत होतो.
खालून आई: "अहो, आमटी गार होतेय!"
"आलोच," म्हणाले बाबा,
आणि गुडघे टेकून
पन्हळीत कोपरापर्यंत हात घातला.